हेवी क्रूड (जड कच्चं तेल) पातळ करायला नक्की काय घालायचं?

काळंपाणी: लॅबमध्ये सॅम्पल आलंय, एपीआय (तेल किती हलकं ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जड) 14 च्या आसपास, बीकर आडवा केला तरी काकवीसारखं हळूहळू सरकतं. ईव्हीए पॉलिमरवालं पोअर पॉइंट डिप्रेसंट (गार झाल्यावर तेल गोठू नये म्हणून घालतात ते) घातलं, मग डोस दुप्पट केला, तरी व्हिस्कॉसिटी ढिम्म. माझं काय चुकतंय?

जुना_रिफायनर: डोस नाही, औषधच चुकलंय. ते मेणावर चालतं, म्हणजे गार होताना वॅक्सचे क्रिस्टल एकमेकांत गुंतून जाळं होऊ देत नाही. तुझं क्रूड बहुतेक अस्फाल्टीन-रेझिन या जड, चिकट घटकांमुळे जड आहे, तिथे त्याचा काय उपयोग! आधी सारा (SARA) टेस्ट कर, म्हणजे सॅच्युरेट, अॅरोमॅटिक, रेझिन, अस्फाल्टीन किती ते कळेल.

पाइपवाला: सरळ नॅफ्था किंवा कंडेन्सेटसारखं हलकं तेल मिसळ ना, पाइपलाइनला 20-30 टक्के घालतातच. फक्त पेंटेन-हेप्टेनसारखं पॅराफिनिक डायल्युअंट (पातळ करायला घातलेलं तेल) जास्त झालं तर अस्फाल्टीन खाली बसतं, आमच्याकडे एकदा तळाला असा काळा गाळ धरला की टोल्युइनने खरवडून काढावा लागला, तेव्हापासून मी आधी छोट्या बाटलीत मिसळून रात्रभर ठेवून बघतो.

काळंपाणी: 30 टक्के म्हणजे खूपच झालं हो, थोडक्यात भागेल असं काही?

जुना_रिफायनर: मग सर्फॅक्टंट (साबणासारखं, तेल-पाणी मिसळून ठेवणारं रसायन) घालून तेलाचे थेंब पाण्यात ठेव, उलटं नको, पाणी तेलात गेलं तर आणखी घट्ट होतं. व्हेनेझुएलाचं ओरिमल्शन नावाचं इंधन असंच होतं, साधारण 70 टक्के बिटुमेन (डांबरासारखं जड तेल), 30 टक्के पाणी. ते तसंच बॉयलरला जाळायचे, तुला मात्र पुढे पाणी काढत बसावं लागेल. आणि रीडिंग कुठल्या तापमानाला घेतलंस ते लिहिलंच नाहीस!