नीटला ४३८, ओबीसी: बीव्हीएस्सीला नंबर लागेल का?

दावणीपाशी:

नमस्कार. नीट २०२५ ला ४३८ गुण आहेत. ओएमआर (उत्तरपत्रिका) ताडून पाहिलं तर ११८ बरोबर, ३४ चूक, २८ सोडलेले. बारावी महाराष्ट्र बोर्ड: भौतिकशास्त्र ५८, रसायनशास्त्र ५२, जीवशास्त्र ६६, इंग्रजी ४१. अधिवास महाराष्ट्राचा, प्रवर्ग ओबीसी. डेंटल, आयुर्वेद नको आहे, पशुवैद्यकच (बीव्हीएस्सी) करायचंय.

घरी मागच्या वर्षीचा (२०२४) कट-ऑफ कुणीतरी दाखवला आणि सगळे म्हणाले, आशा सोड. खरंच सोडावी का? गोशाळेत काम केल्याचं पत्र आणि भटक्या कुत्र्यांच्या लसीकरण शिबिराचं प्रमाणपत्र आहे, त्याचं काही वजन पडतं का? आणि अखिल भारतीय कोट्याचा फॉर्म भरण्यात अर्थ आहे का?

टिटवी:

आधी तो २०२४ चा कट-ऑफ बाजूला ठेव. गुणांची तुलना फक्त त्याच वर्षात होते. २०२४ ला गुण भलतेच फुगले होते, ६०० गुण घेऊनही देशात ऐंशी हजारांच्या घरात क्रमांक होता. २०२५ चा पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, इतकं अवघड गेलं की पहिल्या आलेल्याचेच ६८६ आणि ६०० च्या वर देशभरात जेमतेम तेराशे जण. खुल्या प्रवर्गाची पात्रता २०२४ ला १६२ होती, २०२५ ला १४४ झाली. त्यामुळे २०२४ च्या यादीत ओबीसीपुढे जो आकडा छापलाय, तेवढे गुण या वर्षी लागणार नाहीत. उलट पुढच्या वर्षी पेपर सोपा आला तर आजचा कट-ऑफ बघून कुणी हुरळून जाऊ नये.

वर्ष बदललं तरी त्यातल्या त्यात टिकतो तो क्रमांक. त्यातही तीन वेगळे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. एक देशाचा, नीटच्या गुणपत्रिकेवरचा. दुसरा महाराष्ट्रातल्या सगळ्या नीट उमेदवारांमधला. तिसरा म्हणजे माफसूकडे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे) बीव्हीएस्सीसाठी अर्ज केलेल्यांच्या गुणवत्ता यादीतला, आणि तुझ्या कामाचा हाच. तुझ्या वरच्या हजारो मुलांनी एमबीबीएससाठी नीट दिलेली असते, ती इकडे फिरकतही नाहीत. तेव्हा नुसतं '४३८ ला मिळेल का' असं विचारलंस तर कुणीही अंदाजपंचे काहीतरी सांगेल. यादी लागली की प्रवर्गातला क्रमांक इथे टाक, मग बोलू.

प्रमाणपत्रांचं वजन शून्य. अमेरिकेत पशुवैद्यकच्या अर्जात जनावरांसोबत आणि पशुवैद्यासोबत किती तास काम केलं ते भरावं लागतं, त्यामुळे नेटवर ते सल्ले फार सापडतात. इथे गुणवत्ता यादी नीटवरच लागते. गोशाळेतल्या कामाचा उपयोग एवढाच की शेणामुताची किळस गेली असेल आणि गाय लाथ कुठल्या बाजूने कशी मारते ते कळलं असेल. तेही कमी नाही म्हणा.

सात_बारा:

क्रमांकाच्याही आधी पात्रता. यात दर वर्षी पोरं अडकतात. एमबीबीएसला बारावीचे पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) धरतात, बीव्हीएस्सीला भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमाप्रमाणे त्यात इंग्रजीही येतं. तुझं ५८ + ५२ + ६६ + ४१ = २१७, म्हणजे ४०० पैकी ५४.२५ टक्के. खुल्या प्रवर्गाची अटही (५० टक्के) ओलांडलीस, विषय संपला. पण एखाद्याला पीसीबीत ३०० पैकी बरोबर १५० आणि इंग्रजीत ३८ असतील तर होतात १८८, म्हणजे ४७ टक्के. तो एमबीबीएसला पात्र आणि खुल्या प्रवर्गातून बीव्हीएस्सीला बाद. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ पूर्ण पाहिजेत.

आता कागद. ओबीसी म्हणून तीन लागतात: जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. वैधता अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकली असेल तर ठीक. नसेल तर आजच समितीकडे अर्ज करून पावती घे, आणि पावतीवर प्रवेश देताहेत का ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघ. वर्षागणिक ते बदलतं, मागच्या वर्षी चाललं म्हणून गृहीत धरू नकोस. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची दिसली पाहिजे. दाखला घरात आहे म्हणून लोक निवांत असतात आणि उघडून बघतात तेव्हा तो ३१ मार्च २०२५ ला संपलेला असतो. नवा काढायला मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि निकालानंतर सेतूवर झुंबड असते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि नीटच्या फॉर्मवर शेवटी, एवढ्याने सहसा काही अडत नाही. पण वडिलांच्या नावात 'राव' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा जातीच्या दाखल्यावर पोटजात वेगळी लिहिलीये, यावर पडताळणीच्या टेबलावर अडवतात. सगळे कागद एका ओळीत मांडून अक्षरन् अक्षर वाच.

अखिल भारतीय कोटा म्हणजे मान्यताप्राप्त महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा. त्याचा अर्ज वेगळा, भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे. माफसूचा फॉर्म भरला म्हणून तो आपोआप भरला जात नाही. तिथे ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. महाराष्ट्रातला एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग तर तिथे नाहीच. त्या मुलांनी निकषात बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला काढावा, नाहीतर थेट खुल्यात.

भर जरूर. फक्त पसंतीक्रम टाकताना हे धरून चाल की तिसऱ्या-चौथ्या वर्षाला ओपीडीत समोर शेतकरी उभा असेल आणि गाय कधीपासून खात नाही हे तो त्याच्या भाषेत सांगेल. पदवी मात्र सगळीकडे चालते, परत येऊन महाराष्ट्रात नोंदणी करता येते.

दावणीपाशी:

धन्यवाद, नॉन-क्रिमीलेअर खरंच संपलेलं निघालं. सेतूत टाकलं आहे.

यादी लागली. ओबीसीत माझा क्रमांक २१४. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. आता?

टिटवी:

आता हिशेब करता येईल. खाली मी समजुतीसाठी गोल आकडे धरतोय, खरे आकडे या वर्षीच्या जागांच्या तक्त्यातून घाल.

समजा मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ या पाच जुन्या महाविद्यालयांत प्रत्येकी ८० जागा. एकूण ४००. त्यातल्या १५ टक्के, म्हणजे ६०, अखिल भारतीय कोट्यात. उरल्या ३४०. ओबीसीला १९ टक्के, म्हणजे साधारण ६५. इथे बहुतेक जण म्हणतात, जागा ६५ आणि क्रमांक २१४, संपलं. तसं नसतं. ओबीसी यादीत वर असलेली कितीतरी मुलं खुल्या जागांवर गुणवत्तेने बसतात, ती या ६५ मध्ये मोजली जात नाहीत. समजा अशी ३५ आहेत. म्हणजे ओबीसीतली १०० मुलं आत जातील. तुझ्या वर २१३ आहेत, त्यातली ११४ बाजूला झाली की तुझा नंबर.

ती बाजूला होतात का? होतात, आणि बऱ्याच संख्येने. पशुवैद्यकला अर्ज केलेल्यांपैकी अनेकांचं लक्ष एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएसकडे असतं. पहिल्या फेरीची यादी म्हणजे निम्मी तरी प्रतीक्षालयात बसलेली माणसं, तिला घाबरायचं कारण नाही. पण गळती कधी होते ते वेळापत्रकावर ठरतं. आयुषच्या (बीएएमएस वगैरे) फेऱ्या एमबीबीएसच्या मागून चालतात. पशुवैद्यकच्या फेऱ्या त्याआधीच उरकल्या तर बीएएमएसची वाट बघणारा इथली जागा धरून बसतो. तिन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेव.

११४ हा आकडा खरा आहे की स्वप्न, हे तपासायचा सरळ मार्ग असा: मागच्या वर्षीची गुणवत्ता यादी आणि शेवटच्या फेरीची निवड यादी, दोन्ही पीडीएफ काढ. ओबीसीतले पहिले अडीचशे क्रमांक घे. शेवटच्या यादीत त्यातले किती जण कुठल्याही महाविद्यालयात दिसतात ते मोज. शेवटी आत गेलेल्याचा ओबीसी क्रमांक कोणता ते लिही, आणि पहिल्या फेरीत तो कोणता होता तेही. पहिल्या फेरीत ९० आणि शेवटच्या फेरीत २३० असेल तर तू आशेवर आहेस. शेवटी १६० वर थांबला असेल तर पर्यायाची तयारी आत्ताच कर. दोन वर्षांचं केलंस तर आणखी चांगलं, तासाभराचं काम आहे. जागा वाढल्या-घटल्या असतील तर त्या प्रमाणात आकडा सरकव.

मुलींच्या समांतर आरक्षणाची ओळ यादीत वेगळी असेल तर ती वेगळी मोज, नाहीतर शेवटचा क्रमांक उगाच मोठा दिसतो.

हा धागा इतर प्रवर्गांतली मुलंही वाचत असतील, त्यांच्यासाठी: छोट्या प्रवर्गात हा हिशेब डळमळतो. एनटी-डीला (भटक्या जमाती-ड) २ टक्के. ८० च्या महाविद्यालयात ६८ राज्याच्या जागा धरल्या तर १.३६, म्हणजे व्यवहारात एक. एक मुलगा आला-गेला की कट-ऑफ पन्नास गुणांनीही हलू शकतो. तिथे एका वर्षाच्या कट-ऑफवरून काहीच ठरवू नका, निदान तीन वर्षं बघा.

पसंतीक्रमात हुशारी करू नकोस. 'मुंबई मिळणार नाही, मग वर कशाला टाकू' हे चूक. प्रणाली वरून खाली तपासत येते, वरची जागा नाही मिळाली म्हणून खालची हुकत नाही. मनातला खरा क्रम टाक. मुंबईला, म्हणजे परळला, कुत्र्या-मांजरांच्या केसेस भरपूर, आवारालाच बाई साकरबाई रुग्णालय आहे. नागपूरकडे वन्यजीवांची आवड असणाऱ्यांचा ओढा, गोरेवाड्याचं केंद्र माफसूचंच. उदगीर देवणी गायीच्या मुलखात. गाई-म्हशींचं काम करायचं असेल तर उदगीर-परभणी खाली टाकायचं काही कारण नाही.

दावणीपाशी:

मोजलं. मागच्या वर्षी शेवट १९८ ला झाला होता, त्याआधीच्या वर्षी २२१. म्हणजे काठावर. नाही झालं तर पुन्हा नीट द्यावी की दुसरं काही?

खुरी:

काठावर असशील तर शेवटच्या फेरीपर्यंत अर्ज जिवंत ठेव. नव्याने पसंती द्यायला सांगितलं तर दे, बोलावलं तर मूळ कागद आणि शुल्क घेऊन त्याच दिवशी हजर राहा. शेवटच्या फेऱ्यांत मुदत एक-दोन दिवसांची असते आणि क्रमांक आलेली मुलं फोन न उचलल्यामुळे जागा घालवतात. मध्ये दुसरीकडे प्रवेश घेतलास तर तो रद्द करून पूर्ण शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं ते पावती फाडायच्या आधी विचार. मूळ दाखले तिकडे जमा असले तर इकडच्या फेरीत हात बांधले जातात.

पुन्हा नीट द्यायची तर तुझ्याच आकड्यांवरून ठरव. बरोबरला चार, चुकीला उणे एक, म्हणजे ३४ चुकांचे ३४ गुण गेलेच, वर त्या प्रश्नांचे १३६ मिळाले नाहीत. चुकलेला प्रश्न सोडला असता तर एक वाचतो, बरोबर केला असता तर पाच वाढतात. त्या ३४ पैकी आंधळेपणाने ठोकलेले १२ सोडले असतेस तरी आज ४५० असते. आणि चुका कुठे आहेत ते बघ. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, ३६० गुण. तिथे २० चुका असतील तर वर्ष देण्यात राम आहे, ते पाठांतराने आणि सरावाने भरून निघतं. सगळं भौतिकशास्त्रातच अडत असेल तर नुसता तोच अभ्यास पुन्हा करून फार हलत नाही, शिकवणारा बदलावा लागतो.

पर्यायांत गल्लत करू नकोस. पशुसंवर्धनाची पदविका केलेला पशुवैद्य होत नाही. १९८४ च्या कायद्याच्या कलम ३० (ब) खाली त्याला नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीत किरकोळ सेवा देता येतात, बस. मत्स्यविज्ञान किंवा दुग्धतंत्रज्ञान माफसूतच आहे, पण ते वेगळे व्यवसाय आहेत, आणि दुग्धतंत्रज्ञानाला बारावीला गणित लागतं, जे तुझ्या यादीत दिसत नाही. परराज्यातल्या खासगी महाविद्यालयाचा एजंट फोन करेल, करतोच. त्याला एकच विचार: त्या महाविद्यालयाची पदवी १९८४ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे का? 'परवानगी मिळालीये, मान्यता येईल' असं उत्तर आलं तर फोन ठेव. साडेपाच वर्षं (साडेचार अभ्यासक्रम, एक इंटर्नशिप) घालवून नोंदणीच झाली नाही तर दवाखाना टाकता येत नाही आणि एमपीएससीची पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षाही देता येत नाही.

सात_बारा:

आणि ते नवं नॉन-क्रिमीलेअर हातात आलं की पडताळणीची मुदत संपायच्या आत अपलोड कर. सेतूची पावती आणि दाखला एक नव्हे. दाखला नसेल तर क्रमांक २१४ राहत नाही, खुल्या यादीतला जो असेल तो होतो.