विषय: याझ्दला आईला घेऊन – वाड्यात राहावं का साध्या हॉटेलात?

नमस्कार मंडळी,
इराणमधलं शिराझ आणि इस्फहान करायचा बेत आहे, सोबत आई. वय ७१, शाकाहारी, गुडघे कुरकुरतात. वाटेत याझ्दला एक रात्र थांबावं का? आणि ते मातीचे जुने वाडे फोटोत भारी दिसतात पण आईला झेपतील का? कोणी जाऊन आलंय?
– अल नहदाहून

---

अरे एक रात्र कसली, निदान दोन तरी काढ! आम्ही २०१७ च्या नोव्हेंबरात गेलेलो, त्याच वर्षी गाव युनेस्कोच्या यादीत आलं होतं. आधी दूतावासाची ताजी सूचना वाच, व्हिसाचं तिथं सारखं बदलतं. आणि रोख पैसे ने, आपली कार्डं चालत नाहीत. भाव तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल, एक शून्य जास्त, पहिल्या दिवशी मी चहाचे दहावा हिस्साच देत होतो.

राहायचं जुन्या गावातच, जामे मशिदीच्या आसपास. वाडा म्हणजे मधे चौक, त्यात हौद (ते हौज म्हणतात), भोवती खोल्या. पण टॅक्सी गल्लीत शिरत नाही, बॅग ओढत न्यावी लागते, आणि आम्हाला बुकिंग करूनही तळघरातली खोली दिली, ओल, वर अकरा पायऱ्या, हिनं रात्रभर मला ऐकवलं. तेव्हा आधीच विचारून घे, खोली चौकाच्या पातळीवर आहे का आणि कमोड आहे का. बाकी संध्याकाळी गच्चीवर बसलो ना, सगळीकडे बादगीर, म्हणजे वारा खाली ओढून घेणारे मनोरे, आणि मशिदीचे मिनार, तेव्हा हिचा राग गेला.

आईला अग्निमंदिरात नक्की ने. मी जन्मभर गिरगावात राहिलो, अग्यारीच्या दारावरून रोज जायचो पण आत कधी पाय ठेवता आला नाही. इथं काचेतून का होईना, अग्नी दिसतो, इ.स. ४७० पासून तेवतोय म्हणतात. इमारत १९३४ ची, पैसा भारतातल्या पारशांचा. आपल्याकडच्या इराणी हॉटेलांचे मूळ मालकही बरेचसे ह्याच बाजूचे. दखमे, म्हणजे पूर्वी मृतदेह ठेवायचे ते मनोरे, गावाबाहेर टेकडीवर आहेत, चढ आहे, आईला खाली गाडीतच बसव.
– शारजावाले काका

---

काकांना प्लस वन, पण एक भर. पाण्याचं म्युझियम चुकवू नका. वाळवंटात जमिनीखालून कनातीनं, म्हणजे उतरत्या बोगद्यानं, पाणी कसं आणलं ते बघून मी थक्क झाले. पाणी साठवायची जागा ती आब-अंबार, म्हणजे आपलं धान्याचं अंबार म्हणतो ना, तोच शब्द! अमीर चखमाक चौकाजवळ अशाच एका जुन्या आब-अंबारात आखाडा भरतो, पैलवान ढोलाच्या तालावर मुद्गल फिरवतात, आमचे बाबा खुर्ची सोडेनात.

शाकाहाराचं म्हणाल तर "बेदूने गुश्त" हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. तरी सूप मटणाच्या पाण्यात असू शकतं, ते वेगळं विचारा. मी दोन दिवस वांगं, भात, दही, नान ह्यावर काढले. गोडाचं मात्र विचारू नका! चौकात हाज खलीफे रहबरचं दुकान आहे, तिथं कुत्ताब घ्या, बदाम-वेलचीचं सारण, जवळजवळ आपली करंजीच पण गोल. दिव्यांच्या उजेडात चौकही बघून होतो. आणि विमानातून उतरतानाच डोक्यावर ओढणी, आईंनाही.
– मस्कतहून ताई

---

काका, ताई, खूप आभार. दोन रात्री नक्की. शिराझहून याझ्द बसनं साधारण सहा तास आणि पुढं इस्फहान, म्हणजे रस्ता सरळच पडतोय. आईला मेल वाचून दाखवली, ती म्हणाली वाडाच घे, आमच्या वाईच्या वाड्यात काय कमी पायऱ्या होत्या. मग थोड्या वेळानं म्हणाली, पण तळघर नको. दोन वाड्यांना मेल टाकलीय, कमोडचं फारसीत काय म्हणतात ते कोणी सांगेल का?