मदत हवी आहे: बडोद्यात एका दिवसात सायकलवरून राजवाडे आणि बागा, रूट कसा ठेवू?

दांडियाबझारची_सून

नमस्कार मंडळी. जानेवारीत नणंद, तिचे मिस्टर आणि सातवीतला भाचा पुण्याहून येताहेत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, तिघंही तिकडे रोज सायकल चालवणारे, आणि फोनवरच फर्मान निघालंय की वहिनी बडोदा दाखवायचं तर सायकलवरूनच, गाडीतून राजवाडा बघायचा नाही. मी आपली भाजी आणण्यापुरती सायकलवाली, त्यामुळे माझे गुडघे आणि त्यांचा उत्साह दोन्ही सांभाळेल असा रूट पाहिजे. मामंजींनी यादी लिहून दिलीय, लक्ष्मी विलास, नजरबाग, मकरपुरा पॅलेस, प्रताप विलास, कमाटीबाग, कीर्तिमंदिर. यातलं आत कुठे कुठे सोडतात, बाग आधी का राजवाडा आधी, सायकली लावायच्या कुठे? आणि त्यांना सोमवार सोयीचा आहे, रविवारी गर्दी असते म्हणून. कोणी असं केलंय का?

जुना_बडोदेकर

ताई, सोमवार पहिल्यांदा खोडा, लक्ष्मी विलास सोमवारी बंद. मंगळवार धरा.

मामंजींची यादी त्यांच्या तरुणपणची आहे, राग नसावा. नजरबाग पाडून टाकला, बघायला काही उरलं नाही. मकरपुरा पॅलेस खंडेराव महाराजांच्या वेळचा, सुंदरच, पण हवाई दलाकडे आहे, गेटवरून परत फिरायचं. प्रताप विलास 1914 चा, लालबागेत, तिथे 1952 पासून रेल्वेचं स्टाफ कॉलेज, ओळख आणि परवानगी असेल तरच. म्हणजे दक्षिणेकडचं सगळं बाद, आणि तेच बरं, कारण मकरपुऱ्याच्या रस्त्यावर जीआयडीसीचे, म्हणजे औद्योगिक वसाहतीचे ट्रक असतात, लहान मुलाला घेऊन तिकडे सायकल म्हणजे नुसतं टेन्शन.

उरलेल्यात दिवस मजेत जातो. सकाळी उजाडल्या उजाडल्या कमाटीबाग. 1879 साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी केलेली, जवळपास 113 एकर, मधून विश्वामित्री वाहते. आत सायकल फिरवायच्या भानगडीत पडू नका, चालणारे आणि योगावाले आजोबा एवढे असतात की घंटी वाजवून दमाल. बाहेर स्टँडला लावून पायी फिरा. भाच्याला पुलावरून नदीत बघायला सांगा, ऊन चढलं की मगरी काठावर येतात, थंडीत हमखास. मग कालाघोडा चौक, पूल ओलांडून कीर्तिमंदिर, तिथून रावपुरा, सुरसागर तलाव, आणि शेवटी राजवाडा.

पतंगवाला_पोळीतला

रूट भारी, पण जानेवारी म्हणताय आणि मांजाचं कोणीच बोलत नाही? 14-15 ला तर सायकल काढायचीच नाही, पण त्याआधी आठवडाभर पोरं धाब्यावर, म्हणजे गच्चीवर असतातच, आणि कापलेली दोरी रस्त्यावर आडवी लोंबते ती दिसत नाही हो, गळ्यालाच लागते. नायलॉनच्या मांजाला बंदी आहे, पण काच लावलेला साधा मांजाही कापतो. आपल्याकडे स्कूटरच्या हँडलला जी वाकवलेली सळई लावतात ती सायकलला पण बसते, नाक्यानाक्यावर विकायला असतात. ती लावा, वर गळ्याला जाड मफलर, आणि भाच्याला मध्ये ठेवा, पुढे नाही. रावपुऱ्याच्या पोळींत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, दुपारनंतर तर अजिबात नको, ऊन उतरलं की सगळी अगाशी (गच्ची) भरते. सण उरकून दोन-तीन दिवसांनी गेलात तर उत्तम, तरी झाडांना आणि तारांना अडकलेली दोरी राहतेच.

दांडियाबझारची_सून

बाप रे, हे डोक्यातच नव्हतं, आम्ही इथलेच असून! नणंद 20 पर्यंत आहे, म्हणजे सणानंतरचं जमेल. सळईचं मिस्टरांना सांगते. राजवाड्यात किती वेळ धरू? नणंदेला चित्रांची आवड, तिचे मिस्टर म्हणतात सगळे राजवाडे सारखेच.

रंगपेटी

सगळे सारखे?! त्यांना सांगा, लक्ष्मी विलासचा आराखडा काढला मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराने, ज्याने कोल्हापूरचा न्यू पॅलेस पण केला, आणि बांधकाम पूर्ण व्हायच्या आधीच तो वारला, मग चिझम या दुसऱ्या वास्तुकाराने 1890 साली पुरं केलं. इमारत कोसळेल या धसक्याने मँटला वेड लागलं अशी गोष्ट सगळे गाइड रंगवून सांगतात, कितपत धरायची तुम्ही ठरवा. दरबार हॉलची मोझेकची फरशी मात्र नीट बघा, व्हेनिसहून कारागीर आणून केलेली. आत फोटो नाही.

राजा रविवर्म्याची चित्रं महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत, त्याच कंपाउंडात पण तिकीट वेगळं. नणंदेला इथे सोडा आणि घड्याळ बघू नका. दोन्ही मिळून अर्धा दिवस.

पण मला विचाराल तर दिवसातली खरी जागा कीर्तिमंदिर. 1936 चं, गायकवाड घराण्याचं स्मारक, आणि आत नंदलाल बोसांनी भिंतींवर काढलेलं गंगावतरण, मीराबाई, महाभारत युद्ध. लोक बाहेरून फोटो काढून पुढे जातात, चीड येते. शिखराकडे पण बघा, सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहे, पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. रावपुऱ्यात तांबेकर वाडा सोडू नका, आपल्या मराठी दिवाणाचा लाकडी वाडा, भिंतीभर चित्रं, कृष्णलीलेशेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई.

बागेतलं म्युझियम उशिरा उघडतं म्हणून ते सकाळच्या फेरीत बसत नाही, पण भाच्यासाठी दुसऱ्या दिवशी जा, निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे तिथे, 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, आणि इजिप्तची ममी.

जुना_बडोदेकर

रंगपेटी, तांबेकर वाड्याचं बरोबर, मी विसरलोच होतो. मग सुरसागरावर सेव-उसळ खाऊन घ्या, राजवाड्यात भरल्या पोटाने जा. तिखट तर्री भाच्याला बाजूला मागा, पाव जास्त मागा.

दांडियाबझारची_सून

ठरलं मग. कमाटीबाग, कीर्तिमंदिर, तांबेकर वाडा, सेव-उसळ, राजवाडा, बागेतलं म्युझियम दुसऱ्या दिवशी. मामंजी म्हणाले नजरबाग नाही तर निदान जागा तरी दाखव, ते रिक्षाने येणारेत. फक्त एक राहिलं, पुण्याहून ते सायकली आणणार नाहीत आणि आमच्याकडे दोनच, दोन्ही मोठ्यांच्या. भाच्याच्या उंचीची आणि एक मोठी कोणाची मिळेल का दिवसभरासाठी?

पतंगवाला_पोळीतला

माझ्या पोरीची चोवीस इंची आहे, मागचा ब्रेक परवाच टाकलाय. सळई पण लावून देतो. मेसेज करा.