मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) सूज

आईच्या (वय ७२, गुहागर) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शिमग्यानंतर झालं. मोतीबिंदू फार पिकलेला होता. तेव्हापासून कॉर्निया सुजलेलाच. सकाळी उठली की सगळं धुरकट, भिंतीवरच्या कालनिर्णयची तारीखसुद्धा वाचता येत नाही. दुपारपर्यंत बरंच निवळतं. दुखणं, लाली नाही. डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, शुगर नाही.

स्टिरॉइडचे आणि ५ टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब चालू आहेत, फरक थोडाच. डॉक्टर थांबा म्हणतात. शेजारी मुंबई गाठा म्हणतात, पण तेवढा प्रवास तिला झेपणार नाही. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी (कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजायची तपासणी) आणि डोळ्याच्या पुढच्या भागाचं ओसीटी (प्रकाशाने थर दाखवणारा स्कॅन) अजून झालेलं नाही. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, म्हणून पेशी दोन्हीकडच्या मोजून हव्यात.

रत्नागिरी, चिपळूण, फार तर कोल्हापूर, या तपासण्या कुठे होतात? आणि डीमेकचा (दात्याच्या डोळ्यातून कॉर्नियाचा आतला थर बसवायच्या ऑपरेशनचा) विचार करण्याआधी साधारण किती महिने थांबतात?