सीएसआरला मराठीत काय म्हणायचं? दायित्व, सौजन्य की जबाबदारी?

प्रश्न:
नमस्कार, मी सोलापूरची. आमच्या गावातल्या झेडपी शाळेत एका कंपनीच्या सीएसआरमधून (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च) पाण्याचा फिल्टर आणि मुलींसाठी दोन स्वच्छतागृहं झाली, आता भिंतीवर पाटी रंगवायचीय. सर म्हणतात 'सामाजिक दायित्व निधीतून' लिहा, पेंटर म्हणतो 'यांच्या सौजन्याने' लिहू की, सगळीकडं तसंच असतंय. आणि माझे सासरे, आयुष्यभर सूतगिरणीत हिशेब लिहिलेत त्यांनी, ते म्हणाले दायित्व म्हणजे देणं, ताळेबंदात लिहितो ते, मग कंपनी शाळेचं काही देणं लागत होती का? मला उत्तरच सुचलं नाही. नक्की शब्द कोणता?

प्रतिसाद:
ताई, सासऱ्यांची शंका एकदम बरोबर आहे. नेमका शब्द 'उत्तरदायित्व', म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायला बांधील असणं. 'जबाबदारी' पण तेच, जबाब अरबी आणि दार फारसी. नुसतं 'दायित्व' लिहिलं की नेमकं उत्तरच गळतं, राहतं ते हिशेबातलं देणं. मला साधं जबाबदारीच आवडतं, शाळेतल्या पोरांनाही कळतंय.

'सौजन्याने' मात्र अजिबात नको. पूर्वी पेठेतले व्यापारी वहीत 'धर्मादाय' खातं ठेवायचे, तो त्यांच्या मनाचा भाग होता. इथं तसं नाही, २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ आहे, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के खर्च करावेच लागतात. आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेली स्पॉन्सरशिप त्यात धरतच नाहीत. म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला कंपनीचा बॅनर हा सीएसआर नव्हे.

दुसरा प्रतिसाद:
एक भर घालतो. माझा अक्कलकोट रोडला पॉवरलूमचा छोटा कारखाना, आम्ही या कायद्यात बसतच नाही, पण लोक सरळ म्हणतात 'तुमच्या सीएसआरमधून मंडळाला द्या की'. त्याला वर्गणी म्हणा ना! तसंच कामगारांचा पीएफ भरला म्हणून 'आम्ही सीएसआर करतो' म्हणणारेही भेटतात, ते तर कायद्यानं भरायचंच असतं, फक्त स्वतःच्याच कामगारांसाठी केलेला खर्चही त्यात मोजत नाहीत. फायदा धंद्याला नसतो असं मात्र नाही. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, कामगार बाई पाण्यासाठी घरी थांबली की माझा माग बंद. वस्तीत पाण्याची सोय झाली तर तिचा खाडा वाचतो, माझं काम वाचतं. म्हणून जबाबदारीला माझं मत, त्यात तिचंही येतं आणि माझंही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले आता पटलं. पाटीवर 'कंपनीच्या सामाजिक जबाबदारी निधीतून' असं लिहितोय, आणि सासऱ्यांच्या सांगण्यावरून खाली एक ओळ वाढवली, फिल्टर बदलल्याची तारीख. ती जागा मोकळी ठेवलीय, दरवेळी खडूनं लिहायची.