लेखी परीक्षेऐवजी ध्वनिफीत: गुण कसे द्यावेत?

प्रश्न (वडोदरा): मी पदवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. यंदा निबंधाऐवजी येथील कीर्तिमंदिरातील (गायकवाड घराण्याच्या स्मारकातील) चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांवर गटागटाने ध्वनिफीत करून घ्यावी असे मनात आहे. पण प्रत्येकाचे श्रम वेगळे कसे ओळखावेत?

उत्तर १: विषय उत्तम आहे. मात्र आवाजाच्या सफाईला गुण देऊ नका, कारण सगळ्यांकडे चांगला मोबाइल नसतो. संहिता, संदर्भ आणि तोंडी चर्चा यांनाच महत्त्व द्यावे.

उत्तर २: मी मराठी विकिपीडियावर लेख लिहून घेतो. तेथे ‘इतिहास पहा’ या दुव्यावर प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून व केव्हा झाला हे दिसते, त्यामुळे ताईंची नेमकी हीच अडचण दूर होते. शिवाय ते लेखन परीक्षेनंतरही वाचले जाते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. संहिता अशीच सामायिक पानावर लिहून घेईन.