लाईट परत आल्यावर टीव्ही बॉक्सवरचा लिनक्स सर्व्हर उठत नाही, नुसत्या रीबूटला मात्र नीट उठतो

रामबाग_रूट

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. घरी एक जुना अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पडून होता, अॅमलॉजिक एस९०५एक्स चिपवाला, २ जीबी रॅम, त्यावर मेमरी कार्डातून आर्मबियन (अशा छोट्या बोर्डांसाठीचा लिनक्स) टाकलाय आणि तोच आता घरचा सर्व्हर. सांबा (घरात फाइल्स शेअर करायला), जेलीफिन (गाणी-व्हिडिओ टीव्हीवर लावायला) आणि पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा), एवढंच चालतं त्यावर. यूएसबीला २.५ इंची १ टीबीची हार्डडिस्क लावलीय, केसिंग साधं लोकल, त्याला वेगळा अॅडॅप्टर नाही, बॉक्सच्या पोर्टवरूनच पॉवर घेते. बॉक्सचा अॅडॅप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा.

डिस्कवर माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांनी वर्षानुवर्षं कॅसेटवर टिपलेल्या घरगुती मैफली आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम, ते सगळं मी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाईल प्रकार) उतरवून ठेवलंय. आईला टीव्हीवर जेलीफिन लावून ऐकता येतं, ती रोज दुपारी ऐकते.

आता प्रॉब्लेम. लाईट गेली आणि आली की बॉक्स उठत नाही. निळा दिवा लागतो पण पिंगला उत्तर नाही, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरणं) नाही. पाय-होल बंद म्हणजे घरातलं सगळ्यांचं नेटही बंद, कारण राऊटर डीएनएस म्हणून याचाच आयपी देतो. मग मी प्लग काढतो, लावतो, परत काढतो, आणि कधीतरी उठतो. गंमत अशी की चालू असताना एसएसएचमधून रीबूट दिलं तर दरवेळी नीट उठतो, एकदाही अडकलेला नाही. लॉग बघायला गेलो तर त्या अडकलेल्या वेळेचं काहीच सापडत नाही, कोरं. पावसाळा तोंडावर आहे, आमच्याकडे वारं सुटलं की लाईट गेलीच समजा, त्यामुळे त्याआधी हे मार्गी लावायचंय. कुठून सुरुवात करू?

छप्पन_केबी

कार्ड गेलं असणार भिया. लाईट जाऊन जाऊन कार्डाची वाट लागते. नवीन चांगल्या कंपनीचं कार्ड घे, परत फ्लॅश कर, संपलं.

टिळकनगर_टर्मिनल

कार्ड आत्ता बदलू नका. कार्ड खराब असतं तर रीबूटलाही कधी ना कधी अडकलं असतं, आणि इथे रीबूट दरवेळी नीट होतंय. हा फरक सगळ्यात कामाचा आहे, त्यावरच विचार करा. रीबूट आणि लाईट जाऊन येणं यात वेगळं काय होतं? रीबूटमध्ये बहुतेक बॉक्सचा यूएसबी पोर्ट पॉवर तोडत नाही, डिस्क फिरतच राहते. लाईट गेली की डिस्क थांबते आणि परत आली की तिला शून्यातून फिरायला लागावं लागतं. म्हणजे संशय डिस्कवर, कार्डावर नाही.

दुसरं, लॉग कोरा का, ते सांगते. आर्मबियन व्हार-लॉग हा फोल्डर रॅममध्ये ठेवतो, झेडरॅमवर (रॅममधलीच दाबून ठेवलेली जागा), कार्डावर कमी लिहिलं जावं म्हणून. तो मधूनमधून आणि व्यवस्थित शटडाऊन करताना कार्डावर उतरवतो. लाईट गेली किंवा तुम्ही प्लग ओढला की रॅममधलं सगळं गेलं. म्हणजे नेमका ज्या बूटचा लॉग हवा तोच उरत नाही. तेव्हा आधी हे बदला: ईटीसी-डिफॉल्टमध्ये आर्मबियन-रॅमलॉग नावाची फाईल आहे, त्यात एनेबल्ड समोर फॉल्स करा, मग जर्नलडी या लॉग लिहिणाऱ्या सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट करा, एकदा नीट रीबूट द्या. आता अडकलेल्या बूटचा लॉगही कार्डावर राहील. निदान झालं की परत पूर्ववत करा, कायम तसं ठेवायची गरज नाही.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे पुढच्या वेळी अडकला की प्लग काढायच्या आधी एचडीएमआयची वायर टीव्हीला लावून बघा स्क्रीनवर काय लिहिलंय. निळा दिवा फक्त पॉवर आहे एवढंच सांगतो, स्क्रीन सांगेल गाडी नक्की कुठे थांबलीय ते. फोटो टाका. शिवाय एफएसटॅबमधली (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) डिस्कची ओळही इथे द्या.

रामबाग_रूट

ताई, लाईट जायची वाट बघितली नाही, संध्याकाळी मेन स्विच पाडून वर केला. अडकला. टीव्ही लावला तर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकतायत आणि खाली लिहिलंय की डिस्कच्या यूयूआयडीसाठी (तिचा ओळख क्रमांक) स्टार्ट जॉब चालू आहे, शेजारी काउंटर, दीड मिनिटापर्यंत. दीड मिनिट झालं की "टाइम्ड आऊट", मग "डिपेंडन्सी फेल्ड" अशा ओळी आणि शेवटी इमर्जन्सी मोड, रूटचा पासवर्ड मागतो. कीबोर्ड जोडून पासवर्ड दिला, मग डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघितलं तर त्यात यूएसबी पोर्टसमोर "डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर मायनस ७१" चार-पाच वेळा आणि मग "अनएबल टू एन्युमरेट".

एफएसटॅबची ओळ अशी: यूयूआयडी, मग एमएनटी-डेटा, ईएक्सटी४, डिफॉल्ट्स, शून्य, दोन. बस.

टिळकनगर_टर्मिनल

उत्तम, सगळं मिळालं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही सोडवायचेत, एक सोडवून थांबू नका.

पहिला म्हणजे डिस्क दिसतच नाही. एरर ७१ म्हणजे यूएसबीवरचं बोलणंच बिघडलं, डिस्कने स्वतःची ओळखही पूर्ण सांगितली नाही. वायर खराब असली तरी हे येतं, पण तुमच्याकडे ते फक्त थंड सुरुवातीलाच येतंय, म्हणजे मला पॉवरच वाटते. २.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १ अँपिअरच्या आसपास ओढते, नंतर कमी होतं. यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, आणि एस९०५एक्सला यूएसबी २.०च आहे. पोर्ट जास्त देतात बरेचदा, पण त्याच क्षणी बॉक्सचे चारही कोअर बूट होताना पॉवर मागतायत आणि सगळं मिळून त्या एका २ अँपिअरच्या अॅडॅप्टरवर. व्होल्टेज खाली बसतं, केसिंगमधली चिप गडबडते. त्यात लाईट येताना आपल्याकडे एकदम येत नाही, येते-जाते-येते.

उपाय म्हणजे डिस्कला वेगळी पॉवर. स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. नुसता ३ अँपिअरचा अॅडॅप्टर बॉक्सला लावून भागेलच असं नाही, कारण मधे बॉक्सचा पोर्ट आणि त्याच्या बारीक ट्रॅक आहेतच. हब घेताना एक बघा: स्वस्त हब उलटी पॉवर बॉक्सकडे ढकलतात. तपासायचं कसं, तर बॉक्सची पिन काढा, हब चालू ठेवून जोडा, बॉक्सचा दिवा मिणमिणला तर तो हब परत करा. तसल्या हबवर बॉक्स कधी पूर्ण बंदच होत नाही आणि मग असे विचित्र अर्धवट बूट होतात की माणूस आठवडेच्या आठवडे घालवतो.

दुसरा प्रश्न असा की एक डाटा डिस्क नाही मिळाली म्हणून अख्खा सर्व्हर का अडावा? सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) एफएसटॅबमधली प्रत्येक डिस्क अत्यावश्यक धरतो, डिफॉल्टने ९० सेकंद थांबतो आणि मग इमर्जन्सी. म्हणून डिफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन नोफेल लिहा, आणि एक्स-सिस्टमडी डॉट डिव्हाइस-टाइमआऊट बरोबर ३० एस. तेवढ्याने डिस्क नसली तरी बॉक्स उठेल, पाय-होल चालेल, घरचं नेट बंद पडणार नाही आणि तुम्हाला एसएसएचने आत जाता येईल.

छप्पन_केबी

नोफेल मी पण लावलंय दोन वर्षांपासून, मस्त चालतं. कार्डाचं म्हणणं मागे घेतो, एरर ७१ बघितल्यावर विषयच संपला.

महूचा_डेबियन

नोफेल लावताय तर त्याच्या मागून येणारा धोका पण ऐका, हा कोणी सांगत नाही. डिस्क माउंट नाही झाली, म्हणजे तिच्या फोल्डरवर जोडली गेली नाही, तरी एमएनटी-डेटा हा रिकामा फोल्डर कार्डावर असतोच. सांबाला ते कळत नाही, तो तोच फोल्डर शेअर करतो, घरातल्या कोणाच्या फोनचा फोटो बॅकअप त्यात ओतायला लागतो आणि १६ जीबीचं कार्ड भरून सगळं ठप्प. नंतर डिस्क माउंट झाली की त्या फाइल्स खाली झाकल्या जातात, दिसत पण नाहीत, जागा मात्र खातात, डीएफ आणि डीयू या जागा मोजणाऱ्या कमांडचा हिशोब जुळत नाही.

म्हणून डिस्क अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस आय मारा, म्हणजे तो कुलूपबंद करा. आता रूटला पण त्यात फाईल बनवता येणार नाही, डिस्क वर माउंट झाली की नेहमीसारखं लिहिता येतं. हे पाच सेकंदांचं काम आहे, जरूर करा. मग सांबा आणि जेलीफिन दोघांनाही सिस्टमसीटीएल एडिटने एक छोटी भर घाला, युनिटच्या खाली रिक्वायर्स-माउंट्स-फॉर बरोबर तो पाथ, म्हणजे डिस्क आल्याशिवाय ते सुरूच होणार नाहीत. पाय-होलला हे घालू नका, त्याचा डिस्कशी संबंध नाही, त्याला सुटा राहू द्या. हो, आणि डिस्क उशिरा हाताने माउंट केली तर या दोन सर्व्हिस हातानेच सुरू कराव्या लागतील, त्या आपोआप उठत नाहीत.

मैफलींची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर आहे ना? नसेल तर हब आणायच्या आधी ती करा. अशी अर्धवट पॉवरवर झटके खाल्लेली डिस्क, त्यात एकुलती एक कॉपी, मला वाचूनच कसंतरी झालं. कॅसेट परत एकदा वाजतीलच याची काही खात्री नसते.

लॅपटॉप_लष्कर

ग्वाल्हेरहून लिहितोय. माझं मत जरा वेगळं आहे. हे सगळं करण्यापेक्षा जुना लॅपटॉप घ्या. बॅटरी म्हणजे आतच बसवलेला यूपीएस, लाईट गेली तर त्याला पत्ता पण लागत नाही. वर आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) आहे, साटा (डिस्क थेट आत जोडायची सोय) आहे, स्क्रीन-कीबोर्ड आहे. लॉगिनडी कॉन्फिगमध्ये हँडल-लिड-स्विच इग्नोर केलं की झाकण लावून कपाटावर ठेवून द्या. टीव्ही बॉक्सला घड्याळाची बॅटरीच नसते, लाईट आल्यावर नेट मिळेपर्यंत त्याची तारीख मागची, तोवर सर्टिफिकेटं फेल, लॉगच्या वेळा गोंधळलेल्या.

टिळकनगर_टर्मिनल

तारखेचा मुद्दा बरोबर आहे, रामबाग यांनी लॉग वाचताना ते लक्षात ठेवावं, बूटच्या सुरुवातीच्या ओळींवर मागची वेळ असेल आणि वेळ सिंक झाल्यावर एकदम उडी दिसेल. लॅपटॉपला पण दोन गोष्टी आहेत दादा. एक, चोवीस तास चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगते, जिथे सोय आहे तिथे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, नाहीतर दर थोड्या दिवसांनी हाताने तपासा, टचपॅड वर आलेला दिसला की बॅटरी लगेच बाहेर. दोन, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत लाईट आली नाही तर नंतर बरेच लॅपटॉप आपोआप चालू होत नाहीत, बायोसमध्ये तो ऑप्शन असतोच असं नाही. बॉक्स मात्र पॉवर आली की उठतोच. विजेचं म्हणाल तर १० वॅटचा फरक म्हणजे महिन्याला साधारण ७ युनिट. तो मोठा नाही, पण त्यांच्याकडे चालणारा बॉक्स आहे, १०० एमबीपीएसचं नेटवर्क पोर्ट गाणी ऐकायला भरपूर आहे, तो का टाकायचा?

रामबाग_रूट

सगळ्यांना कळवतो. आधी मैफलींची कॉपी भावाकडच्या डिस्कवर केली, आरसिंकने, आणि मग चेकसमने ताडून घेतली. मग जेल रोडवर दोन दुकानं फिरून अॅडॅप्टरवाला हब घेतला, दुकानदाराला बॉक्स दाखवून तिथेच दिव्याची टेस्ट केली, पहिला हब उलटी पॉवर देत होता, दुसरा घेतला. ताईंची ती टेस्ट माहीत नसती तर पहिलाच घरी आला असता.

नोफेल, टाइमआऊट, चॅटर, सगळं केलं. मेन स्विच बऱ्याचदा पाडून बघितला, पाडून लगेच वर, परत पाडून, मुद्दाम लाईट येते-जाते तसं. दरवेळी उठला आणि डीमेसेजमध्ये ७१ नाही. मग डिस्क मुद्दाम काढून चालू केला तर पाय-होल आलं, एसएसएच आलं, सांबा थांबलेला. अगदी हवं होतं तसं. रॅमलॉग परत चालू केलाय.

एकच विचारायचंय, राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आहे माझ्याकडे, त्यावरच बॉक्स पण टाकला तर?

महूचा_डेबियन

थेट अजिबात नको! बॉक्सची पिन आणि राऊटरची पिन बरेचदा एकाच मापाची असते, ५.५ बाय २.१, आरामात बसते, आणि ५ व्होल्टच्या बॉक्सला १२ व्होल्ट मिळाले की तो गेलाच. मधे बक कन्व्हर्टर लावा, १२ चे ५ करणारा, ३ अँपिअरचा तरी. यूपीएसच्या लेबलवर एकूण किती अँपिअर देतो ते बघा, राऊटर आणि बॉक्स मिळून त्याच्या आत राहिले पाहिजेत, आणि मग हबलाही त्यावर घ्या, नाहीतर लाईट गेल्यावर बॉक्स चालू आणि डिस्क बंद, ते आणखी वाईट, लिहिता लिहिता डिस्क गायब झाली तर फाइल सिस्टिमला फटका बसतो. तेवढं त्या यूपीएसला झेपत नसेल तर फक्त राऊटर ठेवा त्यावर आणि बॉक्स-डिस्क दोन्ही भिंतीवरच राहू द्या. कन्व्हर्टरवर फिरवायचा स्क्रू असेल तर आधी मोकळाच मल्टीमीटरला लावून ५.१ च्या आसपास आणा, आणि दोन्ही पिनांवर वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवा, घरातलं दुसरं कोणी साफसफाईत काढून उलटसुलट लावलं तर कळायला हवं.

रामबाग_रूट

लेबल बघितलं, २ अँपिअर लिहिलंय. राऊटर एकटाच १ चा आहे. फक्त राऊटरच ठेवतो मग.